पटावरचे प्रश्न : नेसरीची खिंड, फाशांचे दान आणि दिवाळीचे मावळे

गेल्या अंकात ‘वॉरगेम’ या छंदाची, म्हणजे एखादी लढाई किंवा मोहीम नकाशावर सोंगट्यांनी मांडून नियमांनुसार खेळण्याच्या प्रकाराची, ओळख करून दिली होती. त्यावर बेळगाव शहरातून, तसेच खानापूर, निपाणी आणि संकेश्वर या भागांतून आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे दिली आहेत. संकेश्वरच्या वाचकांनी स्वतः रचलेल्या खेळाची अडचण कळवली आहे. तीत या छंदाचा गाभाच येत असल्यामुळे त्या उत्तराला जागा अधिक दिली आहे.

प्रश्न : बुद्धिबळ हाही लढाईचाच खेळ आहे. मग वॉरगेम त्याहून वेगळा कसा? सुरुवात कशापासून करावी? परदेशी खेळांच्या किमती पाहून धीर होत नाही. (एक वाचक, खानापूर)

बुद्धिबळाचे मूळ असलेल्या चतुरंगात हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सैन्याची चार अंगेच पटावर होती, त्यामुळे आपली शंका रास्त आहे. मात्र बुद्धिबळात जमीन सर्वत्र सारखी असते, दोन्ही सैन्ये तंतोतंत समान असतात, शत्रूचे प्रत्येक मोहरे डोळ्यांसमोर असते आणि घोड्याने प्यादे मारायचे ठरवले की ते मरतेच. रणांगणावर यांपैकी एकाही गोष्टीची खात्री देता येत नाही. ही उणीव भरून काढण्याची खटपट युरोपात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली. ब्रन्सविक येथील हेल्विग नावाच्या गणिताच्या अध्यापकाने १७८० मध्ये तब्बल १,६१७ घरांचा पट तयार केला आणि डोंगर, दलदल, पाणी यांच्या घरांना वेगवेगळे रंग दिले. हा छंद सैनिकी शाळांतून आणि मोजक्या हौशी लोकांच्या दिवाणखान्यांतून सामान्य घरांत आला तो बराच पुढे, १९५४ मध्ये, जेव्हा अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्स यांनी ‘टॅक्टिक्स’ हा खेळ छापून विक्रीस काढला. त्यांच्याच कंपनीने १९६१ पासून चौकोनी घरांऐवजी षट्कोनी घरे वापरण्यास सुरुवात केली. चौकोनी घरांत तिरपे जाणारी सोंगटी सरळ जाणाऱ्या सोंगटीपेक्षा सुमारे १.४ पट अंतर फुकटात तोडते, तर षट्कोनाच्या सहाही शेजारी घरांचे मध्यबिंदू समान अंतरावर असतात, हे त्यामागचे साधे कारण आहे.

किमतीचे म्हणाल तर प्रारंभी काहीही विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अनेक रचनाकार आपले छोटे खेळ घरी छापून घेण्यासाठी मोफत देतात. नकाशा दोन ए-थ्री कागदांवर छापून जाड पुठ्ठ्यावर चिकटवावा. सोंगट्यांसाठी घरात साठलेल्या लग्नपत्रिकांचा जाड कागद उत्तम चालतो. दोन पत्रिका एकमेकींस चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवल्या आणि मग पोलादी पट्टीच्या कडेने कापल्या की सोंगटी वाकत नाही. पहिला खेळ निवडताना प्रत्येक बाजूस दहा-बारा सोंगट्या, चार-सहा पानांचे नियम आणि एका बैठकीत संपणारा डाव एवढेच पाहावे. पुढे चौघांनी मिळून एखादा खेळ घ्यायचाच झाला, तर रिचर्ड बोर्ग यांचा ‘मेमॉयर ४४’ (२००४) हा नवख्यांना झेपणारा आहे. त्यात हातातील पत्त्यांवरून आज्ञा द्यायच्या असल्यामुळे प्रत्येक वेळी दोन-तीनच तुकड्यांचा विचार करावा लागतो आणि नवा खेळाडू गोंधळत नाही.

प्रश्न : मी पायदळात उमेदीची वर्षे काढली आहेत. नातवाने आणलेल्या खेळात हल्ला यशस्वी झाला की नाही हे फासा टाकून ठरवायचे असते. मोर्चा मी नीट बांधायचा आणि निकाल फाशाने द्यायचा, याला युद्धाचा अभ्यास कसे म्हणावे? (निवृत्त सुभेदार, कॅम्प, बेळगाव)

सुभेदारसाहेब, आपला आक्षेप या छंदाइतकाच जुना आहे आणि तो आपल्यासारख्याच माणसांनी प्रथम घेतला होता. प्रशियाच्या तोफखान्यातील तरुण अधिकारी फॉन राइसवित्झ याने वडिलांच्या कल्पनेत सुधारणा करून १८२४ मध्ये ‘क्रीगश्पील’ या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. पट म्हणून १:८,००० प्रमाणाचा खरा नकाशा, प्रत्येक डाव म्हणजे रणांगणावरील दोन मिनिटे, दोन्ही बाजूंच्या आज्ञा लेखी स्वरूपात घेणारा पंच, आणि गोळीबार व झटापटीचे निकाल ठरविण्यासाठी फासे, अशी त्याची मांडणी होती. सेनाप्रमुख म्युफलिंग यांनी तो पाहून साऱ्या सैन्यात त्याची शिफारस केली. परंतु पुढे तक्त्यांचा आणि फाशांचा पसारा अनुभवी अधिकाऱ्यांना जाचक वाटू लागला, आणि १८७६ मध्ये फेर्दी द्यु व्हेर्न्वा यांनी फासे बाजूस ठेवून सर्व निकाल जाणत्या पंचावर सोपवणारी पद्धत पुढे आणली. आपल्याला नेमके हेच हवे आहे.

तरीही फाशाची बाजू एकदा ऐकून घ्यावी. समजा, तक्ता असा आहे की बरोबरीच्या बळावर हल्ला केला तर पाच किंवा सहा पडल्यासच यश, दुप्पट बळावर केला तर चारपासून पुढे यश, आणि तिप्पट बळावर केला तर तीनपासून पुढे. म्हणजे यशाची शक्यता अनुक्रमे एक तृतीयांश, निम्मी आणि दोन तृतीयांश होते. फासा टाकणारा हात नशिबाचा असला, तरी तक्त्यातील कोणत्या रकान्यात उभे राहायचे हे सेनापतीच ठरवतो. दुसरीकडून एक तुकडी काढून येथे आणावी की नाही, आणि ती काढल्याने तिकडे जे भगदाड पडेल त्याचे काय, हा विचार फासा उचलण्याआधीच झालेला असतो. ओली झालेली दारू, वाट चुकलेला जासूद, ऐन वेळी बिथरलेले घोडे यांचा हिशेब कोणत्याही तक्त्यात स्वतंत्रपणे मांडता येत नाही. तो सगळा त्या सहा बाजूंत कोंबलेला असतो.

येथे आपल्याकडच्या सारीपाटाशी एक फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. सारीपाटात आधी दान पडते आणि मग कोणती सोंगटी हलवायची ते ठरते. वॉरगेममध्ये बहुधा आधी खेळी ठरते आणि मग दान पडते. पहिल्या प्रकारात नशीब आपल्यापुढे परिस्थिती ठेवते आणि आपण तिच्यातून वाट काढतो. दुसऱ्यात आपण जोखीम पत्करतो आणि नशीब तिचा निकाल सांगते. आपल्याला दुसरा प्रकार खटकत असेल, तर पहिला वापरणारेही वॉरगेम आहेत, ज्यांत डावाच्या आरंभीच फासे टाकून या वेळी किती आज्ञा देता येतील हे कळते आणि पुढचे सारे खेळाडूच्या हाती राहते.

नातवाच्या खेळात एक फासा असेल, तर दोन फाशांची बेरीज वापरणारा तक्ता करून पाहावा. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी सात ही बेरीज सहा रीतींनी येते, तर दोन किंवा बारा प्रत्येकी एकाच रीतीने. त्यामुळे मधले निकाल वारंवार येतात आणि अचाट निकाल क्वचित येतात. आपल्या अनुभवाशी हे अधिक जुळेल, असे वाटते. आणि खरे सांगायचे तर आपल्या घरात फाशाची गरजच नाही. नातू आणि त्याचा मित्र यांना दोन खोल्यांत बसवून आपण पंच व्हावे. असा पंच विकत मिळत नाही म्हणून बाकीच्यांना फासे घ्यावे लागतात.

प्रश्न : नेसरी आमच्यापासून फार लांब नाही. प्रतापराव गुजर आणि सहा स्वार यांच्या लढाईवर आम्ही मित्रांनी खेळ तयार केला आहे. सात सोंगट्या एका बाजूला, बहलोलखानाचे सैन्य दुसऱ्या बाजूला. परंतु दुसऱ्या-तिसऱ्या डावात सगळे संपते आणि मराठ्यांची बाजू घ्यायला कोणी तयार होत नाही. सातांचे बळ वाढवले तर इतिहास खोटा होतो. काय करावे? (एक वाचक, संकेश्वर, ता. हुक्केरी)

आपण बळ वाढवले नाही हे उत्तम केले. अडचण सोंगट्यांच्या बळात नाहीच; ती आपण निवडलेल्या काळाच्या मापात आहे, असे आपला कच्चा नकाशा पाहून वाटले.

आपण एक घर १०० मीटरचे आणि एक डाव एका मिनिटाचा धरला आहे. हे हिशेबाला धरून आहे. घोडा चालीने मिनिटाला सुमारे १०० मीटर, दुडक्या चालीने सुमारे २०० आणि चौखूर सुमारे ४०० मीटर जातो, म्हणून आपण दिलेली एक, दोन आणि चार घरांची चाल अगदी योग्य आहे. पण या मापावर पटाच्या एका टोकापासून शत्रूपर्यंतचे अंतर तीन डावांचे आहे. घोडी उधळली की खिंडीत पोहोचेपर्यंत सेनापतीने ठरवावे असे काही उरतच नाही. ज्या मापावर खेळाडूला निवड नाही, त्या मापावर खेळ होत नाही, मग प्रसंग कितीही रोमहर्षक असो. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी खिंडीत जे घडले त्यावर पोवाडा होऊ शकतो, शाहिरांनी तो गावा. पटावर मांडायचे ते त्याच्या आधीचे.

आधीचे म्हणजे काय, ते आपल्याला माहीत आहेच, तरी इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. एप्रिल १६७३ मध्ये जतजवळच्या उमराणी येथे प्रतापरावांनी आदिलशाही सरदार बहलोलखानाचे पाणी तोडून त्याला कोंडीत पकडले, आणि खान शरण आल्यावर त्याला जाऊ दिले. खान पुन्हा उलटला. शत्रूला हातचा सोडल्याबद्दल शिवाजी महाराजांनी आपल्या सरनोबतास कठोर शब्दांत सुनावले आणि खानास बुडवून फत्ते केल्याशिवाय तोंड दाखवू नये असे कळविले, असे परंपरा सांगते. पुढच्या फेब्रुवारीत खान नेसरीच्या बाजूने येत असल्याची खबर लागली, तेव्हा मागे असलेल्या फौजेची वाट न पाहता सरनोबत पुढे निघाले. खेळाला हवे असलेले सारे या दहा महिन्यांत आहे : दोन निर्णय, दोन्ही प्रतापरावांचे, आणि दुसऱ्याच्या मुळाशी पहिला.

म्हणून माझी सूचना अशी की, घर दोन किलोमीटरचे आणि डाव एका तासाचा करावा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशावर दोन किलोमीटर म्हणजे चार सेंटिमीटर होतात, आणि ३० बाय ४० किलोमीटरचा मुलूख ६० बाय ८० सेंटिमीटरच्या पटात बसतो, जो घरच्या टेबलावर मावतो. नकाशा मोठा करण्याचीही गरज नाही. त्यावरच चार सेंटिमीटरची षट्कोनी जाळी छापून घ्यावी. मात्र रस्ते आजचे आहेत हे विसरू नये. ओढे, चढ आणि खिंडी तेवढ्या घ्याव्यात, डांबरी रस्ते आणि धरणांचे जलाशय गाळावेत.

आता या पटावर मराठा खेळाडूचे कोडे उभे राहते. त्याची फौज चार-पाच ठिकाणी विखुरलेली आहे. खान नेमका कोणत्या वाटेने येतो आहे हे ठाऊक नाही. यासाठी लाकडाचे ठोकळे वापरावेत, ज्यांची एकच बाजू रंगवलेली असते आणि ती आपल्याकडे करून ठोकळा उभा ठेवायचा असतो. समोरच्याला फक्त कोरे लाकूड दिसते. वखारीतील पट्टीचे दोन सेंटिमीटरचे तुकडे कोणताही सुतार कापून देईल. खानाच्या बाजूस खऱ्या ठोकळ्यांइतकेच खोटे ठोकळे द्यावेत, ज्यांवर काहीच नसते. त्यांना मी अफवा म्हणतो. हेर पाठवून अफवा उघडी पाडता येते, पण त्यात एक तास जातो.

आणि तास हाच या खेळातील चलनी पैसा असायला हवा. पटाच्या कडेला दहा घरांची एक पट्टी आखावी आणि तिला ‘नामुष्की’ असे नाव द्यावे. खानाचा कोणताही खरा ठोकळा पटावर ओळखला गेला आणि मराठा खेळाडूने त्या तासात त्याच्यावर चाल केली नाही, की पट्टीवरचा मणी एक घर पुढे सरकतो. फौज गोळा होण्याची वाट पाहणे शहाणपणाचे आहे, पण त्याची किंमत आहे. मणी शेवटच्या घरात पोहोचला तर खान निसटला असे मानून खेळ संपवावा. मराठा खेळाडू कोणत्याही क्षणी सरनोबताचा ठोकळा, सोबत जे असेल ते घेऊन, थेट खानावर घालू शकतो. त्या झडपेत सरनोबत पडण्याची शक्यता मोठी राहील आणि ती राहू द्यावी. मात्र तसे झाल्यास मणी शून्यावर येईल आणि मागून येणाऱ्या प्रत्येक मराठा ठोकळ्याला पुढील चार डाव हल्ल्यात फाशावर एक अधिक मिळेल. प्रतापरावांनंतर हंबीरराव मोहिते सरनोबत झाले आणि मोहीम थांबली नाही, ही ऐतिहासिक गोष्ट या नियमात येते. सात जणांनी हजारोंना लोळवले असे खोटे काही त्यात येत नाही. चार डाव आणि एक अधिक हे आकडे मी अंदाजाने दिले आहेत. ते आपण खेळून बदलायचे आहेत.

आणखी एक धोका सांगून ठेवतो. हा नियम तयार झाला की काही हुशार खेळाडू पहिल्याच तासाला सरनोबताला मुद्दाम मरणाच्या दारात पाठवतील, कारण मणी शून्यावर येतो आणि वर बक्षीसही मिळते. असे घडू लागले की समजावे, बक्षीस जास्त झाले आहे. सरनोबत गमावल्यावर मराठा खेळाडूला त्या डावापासून दरवेळी एका ठोकळ्याची आज्ञा कमी देता येईल, असा तोटा जोडून पाहावा. ज्या खेळाडूने इतिहास वाचलेला नाही त्यालाही नेसरीचा निर्णय घेताना दोनदा थांबावे लागले, आणि दहा वेळा खेळ झाला असता तीन-चार वेळा त्याने तो घेतलाही, तर आपली मांडणी साधली. दहाच्या दहा वेळा घेतला, किंवा एकदाही घेतला नाही, तर आकडे चुकले आहेत.

खानाच्या बाजूसही काही करायला हवे, नाहीतर तो खेळाडू नुसता वाट चालत राहील. त्याला पटाच्या दुसऱ्या कडेने ठरावीक तासांत बाहेर पडायचे आहे. मात्र पाण्याच्या घरावर रोज एकदा थांबले नाही तर त्याचे ठोकळे दुबळे होतात, असा नियम ठेवावा. उमराणीत पाणी तोडले होते ही आठवण त्याला सतत राहिली पाहिजे.

हा खेळ दोघांनी आळीपाळीने बाजू बदलून खेळावा. आणि रचनाकाराने स्वतः न खेळता शेजारी गप्प बसून पाहावे. नियमांची वही त्यांच्या हातात द्यावी आणि एक शब्दही बोलू नये. ते जेथे अडखळतील तेथे खूण करावी. ही गोष्ट सांगायला सोपी आणि करायला महाकठीण आहे, कारण आपल्या नियमाचा भलताच अर्थ लावला जात असताना तोंड बंद ठेवणे भल्याभल्यांना जमत नाही.

प्रश्न : मराठ्यांच्या इतिहासातील आणखी कोणती मोहीम खेळासाठी चांगली? सगळे पानिपतच सुचवतात. (एक वाचक, टिळकवाडी)

पालखेड. फेब्रुवारी १७२८ मध्ये पहिल्या बाजीरावांनी निजामाला हुलकावण्या देत त्याच्या अवजड तोफांपासून दूर ओढले, गैरसोयीच्या जागी गाठून त्याचे पाणी आणि रसद तोडली, आणि मोठी लढाई न होताच मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. चाल, रसद आणि वेळ या तिन्ही गोष्टी पटावर उत्तम उतरतात. येथे षट्कोनी घरांपेक्षा गावांना रेषांनी जोडणारा नकाशा बरा, कारण प्रश्न कोणत्या वाटेने जायचे हा आहे. पानिपत नवख्याने टाळावे. १४ जानेवारी १७६१ चा एक दिवस मांडणे सोपे आहे, पण त्याआधीची कोंडी, उपासमार आणि सोबतचे बुणगे वगळून तो दिवस समजत नाही, आणि ते घेतले तर खेळ हाताबाहेर जातो.

प्रश्न : आमच्या मंडळात निम्मे जण मराठी वाचतात, निम्मे कन्नड. मी शेतमालाच्या बाजाराचा एक खेळ केला आहे. त्यात ६० पत्ते आहेत आणि प्रत्येकावर तीन-चार ओळी मजकूर आहे. पत्ते दोन्ही भाषांत छापले तर अक्षरे मुंगीएवढी होतात. (एक वाचिका, निपाणी)

ताई, पत्त्यावरचा मजकूर कमी करण्याची ही नामी संधी समजावी. ६० पत्ते टेबलावर पसरा आणि एकसारखे काम करणारे पत्ते एकत्र करा. बहुतेक खेळांत असे सात-आठच प्रकार निघतात : भाव वाढतो, भाव पडतो, माल घ्या, माल द्या, एक डाव थांबा, इत्यादी. प्रत्येक प्रकारास एक चिन्ह ठरवा आणि त्याचा खुलासा खेळाडूंसमोर ठेवायच्या एका वेगळ्या कागदावर द्या, जो मराठीत एक आणि कन्नडमध्ये एक असा असेल. खेळाडू दोन डावांनंतर तो कागद पाहणे सोडून देतात. जर्मनीत छापले जाणारे खेळ युरोपभर विकावे लागतात, त्यामुळे त्यांनी ही पद्धत फार पूर्वीच अंगीकारली. १९९५ च्या ‘कतान’मध्ये विटा, लाकूड, लोकर, धान्य आणि खनिज यांची चित्रेच पुरतात.

आकड्यांसाठी ठिपके वापरावेत, म्हणजे देवनागरी की कन्नड हा प्रश्नच उद्भवत नाही. मालाच्या प्रकारांना रंग दिलेत तरी सोबत आकारही वेगळा द्यावा. लाल आणि हिरवा यांतील फरक न कळणारी माणसे आपल्या मंडळातही निघू शकतात. नियमांच्या दोन्ही प्रतींत परिच्छेदांना सारखेच क्रमांक घालावेत. वाद झाला की एकाने मराठीतला बारावा नियम वाचावा आणि दुसऱ्याने कन्नडमधला बारावा, आणि ते जुळले नाहीत तर चूक नियमांची आहे हे तिथेच कळते.

आपण भाव ठरवण्यासाठी चार कवड्या टाकता, ही कल्पना मला फार आवडली, कारण चौकाबारा दोन्हीकडच्या घरांत खेळला जातो आणि कवडी कोणाला शिकवावी लागत नाही. फक्त तिचे गणित पाहून घ्या. कवडी उताणी किंवा पालथी पडण्याची शक्यता समान धरली, तर १६ पैकी सहा वेळा दोन उताण्या पडतात, चार वेळा एक, चार वेळा तीन, आणि चारही उताण्या किंवा चारही पालथ्या प्रत्येकी एकदाच. आपण चौका पडल्यावर भाव दुप्पट आणि आठ पडल्यावर निम्मा केला आहे, म्हणजे बाजार सरासरी आठ डावांतून एकदा हादरतो. खेळ २० डावांचा असल्यामुळे हे प्रमाण मला योग्य वाटते. परंतु खऱ्या कवड्या अशा समान पडत नाहीत. पोटाची चीर आणि पाठीचा फुगीरपणा यांमुळे प्रत्येक संच एका बाजूस झुकतो. आपल्या चार कवड्या शंभर वेळा टाकून नोंद करावी आणि ती पाहून भाव बसवावेत.

प्रश्न : आम्ही दहावीचे विद्यार्थी आहोत. दरवर्षी दिवाळीला गल्लीत किल्ला करतो. किल्ला झाल्यावर मावळे नुसते उभे असतात. त्यांची लढाई खेळता येईल का? (काही विद्यार्थी, शहापूर)

अवश्य येईल, आणि यासाठी परदेशात लोक डोंगर, झाडे, तटबंदी तयार करण्यावर जो पैसा खर्च करतात तो तुमचा वाचला आहे, कारण पोती, लाल माती आणि दगड यांचा तयार डोंगर तुमच्यापुढे आहे, वर मोहरीची हिरवळही उगवलेली आहे. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनी स्प्रिंगच्या लहान तोफेतून लाकडी गोळी उडवून शत्रूचे सैनिक पाडायची पद्धत ठेवली होती. तुमचे मावळे मातीचे किंवा प्लास्टरचे आहेत, त्यामुळे ते करू नका, फासे वापरा.

चार-चार मावळे पुठ्ठ्याच्या एका पट्टीवर चिकटवा. पट्टी उचलली की चौघे एकदम हलतात आणि मान धरून उचलल्याने होणारी मोडतोड थांबते. बाजारात एकाच दुकानातले मावळे लहानमोठे असतात. सारखे एकत्र करा आणि उरलेले मोठे सरदार म्हणून वापरा. घरांची गरज नाही, सुताराचा टेप घ्या. पायदळ एका डावात १५ सेंटिमीटर, घोडेस्वार ३०, आणि चढावर दोघेही निम्मे. तोफेचा मारा ६० सेंटिमीटर. तोफेला लक्ष्य दिसते की नाही यावर भांडणे होतील. तेव्हा खाली वाकून, तोफेजवळच्या मावळ्याच्या डोक्यामागे डोळा नेऊन पाहावे. तेथून शत्रूची पट्टी दिसली तर मारा होतो, बुरूज आड आला तर होत नाही. उघड्यावरच्या पट्टीला चार, पाच किंवा सहा पडल्यास एक मावळा बाद, तटाआडच्या पट्टीला फक्त सहा पडल्यास.

किल्ल्यातील बाजूला आठ डावांचे धान्य द्या आणि वेढा घालणाऱ्यांना दारूगोळा मोजून द्या. धान्य संपत आल्यावर दरवाजा उघडून छापा घालायचा की मदतीची वाट पाहायची, हे किल्लेदाराने ठरवायचे. येळ्ळूरच्या राजहंसगडावर एकदा जाऊन दरवाजाची वाट तटाच्या कडेने कशी वळवली आहे ते पाहा आणि पुढच्या वर्षी तशी वाट करा. वेढा घालणाऱ्याचे काम किती अवघड होते ते पहिल्याच डावात समजेल. एका गोष्टीला मात्र माझी सक्त मनाई आहे. उद्यमबागेतल्या ओळखीच्या कारखान्यातून शिसे आणून घरी मावळे ओतण्याचा तुमचा बेत पत्रात आहे. तो सोडून द्या. शिशाची वाफ आणि भुकटी विषारी असते आणि घरात लहान भावंडे आहेत.

प्रश्न : माझा खेळ कोणी चोरू नये म्हणून पेटंट घ्यावे का? (एक वाचक, अनगोळ)

मिळणार नाही. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यातील कलम ३(एम) नुसार खेळ खेळण्याची पद्धत पेटंटयोग्य शोध मानली जात नाही. कॉपीराइट आपल्या नियमपुस्तिकेतील शब्दांना, चित्रांना आणि पटाच्या नक्षीला मिळतो, पण त्यामागच्या कल्पनेला मिळत नाही. आपली ‘लिलावात दोनदाच बोली लावता येते’ ही युक्ती उद्या दुसऱ्याने स्वतःच्या शब्दांत आणि चित्रांत वापरली, तर त्याला अडवता येणार नाही. नावाची मात्र ट्रेडमार्क म्हणून नोंदणी होऊ शकते, आणि विक्री करणार असाल तर ती करावी. व्यवहारात मात्र अनोळखी रचनाकाराचा खेळ कोणी चोरत नाही. तो एकदा खेळून पाहा म्हणून लोकांच्या मागे लागावे लागते. आपण आतापर्यंत तो फक्त घरच्यांनाच दाखवला आहे असे पत्रात आहे. प्रती छापण्यापूर्वी तो ओळखदेख नसलेल्या चार-पाच गटांकडून खेळवून घ्यावा, आणि प्रत्येक गटाला नियमपुस्तिका द्यावी, तोंडी काही सांगू नये.